आयलीची सुट्टी

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

रजा मंजूर झाली. पुढचा आठवडाभर काउंटीचा बर्फ हटवायचा नांगर-ट्रक दुसरा कुणीतरी चालवेल. यंदा सरोवरावरून बर्फ येतंय ते थांबायचं नाव घेत नाही. रस्ता साफ करून ट्रक मागे वळवावा, तर साफ केलेला पुन्हा पांढरा. अशा हिवाळ्यात माणूस थकणारच. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण बायकोला, कॉलीनला, वाटतं मी नुसता पडून असतो.

वही नाताळात धाकट्या मुलीने, ब्रीडीने दिली. ती सात वर्षांची आहे, आणि वहीवर अस्वल आहे. रोज लिही म्हणाली होती. आजपर्यंत एक ओळ लिहिली नव्हती.

संध्याकाळी सामान भरायला घेतलं. पलंगाच्या कडेला बसून एक मोजा हातात घेतला, आणि दुसरा शोधायला उठायचं इतकं जिवावर आलं की तसाच बसून राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मान वर केली तर आयली दारात उभी. "बाबा, तू झोप. मी भरते," म्हणाली. बारा वर्षांची आहे, पण आवरासावरीची भारी हौस. कपडे धुणं, ब्रीडीचा डबा, सगळं आपणहून करते. मी कधी सांगत नाही.

ऑगस्टात कॉलीन नोकरीसाठी ग्रीन बेला गेली, तेव्हा मुलींची शाळा मोडायला नको म्हणून त्यांना मी इथेच ठेवून घेतलं. एकट्याला झेपेल का, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. झेपलं की. घर चाललंय.

कॉलीनला फोन केला. दर हिवाळ्यात आपण चौघं कोस्की हिलला स्कीइंगला जातो, निदान बुधवारी तरी ये, म्हटलं. ती मग म्हणाली, "बघू, वेन." बघू म्हणाली म्हणजे येईल. यायचं नसतं तर तोंडावर नाही म्हणाली असती. तिचा स्वभावच तसा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पोचलो. वाटेत आयली अखंड बोलत होती. शाळा, मैत्रिणी, गणिताचे सर, कुणाच्या तरी कुत्र्याचं ऑपरेशन. मध्येच विचारायची, "ऐकतोयस ना, बाबा? मग कुत्र्याचं नाव काय सांगितलं?" पूर्वी गाडीत बसली की कानात काहीतरी घालून खिडकीबाहेर बघायची. वाढत्या वयात मुली अशा बडबड्या होतात वाटतं. दोनदा चाकं रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्टीवरून गेली तेव्हा तिने माझ्या दंडाला हात लावला.

केबिन नेहमीचीच, लेम्पी सालोची. म्हातारी सत्तरीपुढची आहे, पण लाकडं अजून स्वतः फोडते. बटाटा-मांसाचं सारण भरलेल्या मोठ्या करंज्या, पेस्ट्या, गरम गरम आणून ठेवल्या होत्या तिने. मुलींना कवेत घेतलं, मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "कॉलीन?" बुधवारी येणार आहे, असं मी सांगितलं. आयली पिशव्या उचलायला वळली.

लेम्पीने अंगणातला वाफेच्या स्नानाचा सौना तापवून ठेवला होता. जायचं होतं. बूट काढायला खाटेवर टेकलो आणि तिथेच डोळा लागला.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी ब्रीडीबरोबर छोट्या उतारावरून एकदा स्कीवर उतरून आलो. लख्ख ऊन, पायाखाली ताजं बर्फ, आणि ती माझ्यापुढे दोन्ही हात पसरून चाललेली. हे सगळं सुंदर आहे, हे मला कळत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर सुंदर आहे हे कळावं, तसं.

नंतर लॉजमध्ये जाऊन बसलो. कोस्की हिल म्हणजे काय, एक मोठी खुर्च्यांची लिफ्ट, पोरांसाठी एक दोरीची लिफ्ट, आणि हे लाकडी लॉज. हरवण्यासारखं काही नाही. शेकोटीजवळच्या बाकावरून खिडकीतून छोटा उतार दिसतो. आयली ब्रीडीला वळायला शिकवत होती. मागच्या वर्षी हीच आयली दिवसभर मोठ्या डोंगरावर असायची, लेम्पीची नात टूली आणि तिची टोळी यांच्याबरोबर. जेवायलासुद्धा हाक मारून आणावं लागायचं. यंदा धाकटीला सोडून हलत नाही. बहिणींची गट्टी जमलीय, बरं वाटलं.

लेम्पी तिथल्या तिकीट-खिडकीवर बसते; ती उठून शेजारी येऊन बसली. बराच वेळ बाहेर बघत होती.

"ती पोर खेळते कधी रे, वेन?"

"आत्ता काय करतेय मग?"

"आत्ता ती आई झालीय."

मला रागच आला. मी म्हटलं, लेम्पी, तुमची मुलं मोठी होऊन तीस वर्षं झाली, हल्लीच्या मुली समजूतदार असतात. तिने कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला आणि उठून गेली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बर्फ पडतंय. झोपून होतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज जाग आली तेव्हा केबिनमध्ये पॅनकेकचा वास होता आणि मुली खाऊन बाहेर गेलेल्या. माझे ताटात झाकून ठेवले होते. खावेसे वाटले नाहीत, पण आयलीला वाईट वाटेल म्हणून अर्धे चुलीत टाकले आणि उरलेले कुरतडले.

दुपारी ती सौनाच्या आडोशाला उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. मी लाकडं आणायला गेलो होतो, ऐकू आलं. "हो, बाबा रोज आमच्याबरोबर येतो. काल तर सगळ्यात वरून उतरला. आज पॅनकेक त्यानेच केले. छान आहे तो. खरंच छान आहे, आई."

मी लाकडं न घेताच परतलो. पोरगी हुशार आहे. आईला वाटावं, इथे किती मजा चाललीय, आणि ती धावत यावी, असा तिचा डाव असणार. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं.

संध्याकाळी कॉलीनचा निरोप आला की बुधवारी जमणार नाही. कारण दिलं नाही. रस्ते खराब आहेत, मलाच माहीत आहेत ना. शनिवारी घरी येईल कदाचित.

उद्या अंधार पडायला लागला की मोठी मुलं हातात दिवे घेऊन डोंगरमाथ्यावरून एका ओळीत उतरतात. दर वर्षीचा कार्यक्रम आहे. टूली आयलीला बोलवायला आली होती, दुपारी सराव आहे म्हणून. आयली म्हणाली, मला नको, मी ब्रीडीबरोबर असेन. टूलीचा चेहरा पडला. का कोण जाणे, लेम्पीचं परवाचं बोलणं मला टोचलं आणि मी म्हटलं, तू जा, ब्रीडीला मी बघतो. आयलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोललो.

"नक्की?"

"अगं, बाप आहे मी तिचा."

त्यानंतर तिने मला सगळं समजावून दिलं. ब्रीडीचे हातमोजे ओले झाले तर दुसरी जोडी लाल पिशवीत आहे, ती दोरीच्या लिफ्टच्या पलीकडे जात नाही, आणि चार वाजता तिला भूक लागते. हे सांगताना तिला स्वतःलाच हसू येत होतं. किती दिवसांनी तिला हसताना बघितलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

काल काय झालं ते नीट लिहायचं आहे. 

दुपारी आयली टोळीबरोबर वर गेली. जाताना तीनदा मागे वळून पाहिलं, मग टूलीने तिचा हात धरून ओढलं आणि दोघी लिफ्टच्या खुर्चीत बसून गेल्या. ब्रीडी आणि मी बराच वेळ बाहेर होतो. मग तिला घेऊन लॉजमध्ये आलो, हॉट चॉकलेट घेतलं. ते संपल्यावर ती म्हणाली, अजून एकदाच जाते, तू खिडकीतून बघ. मी म्हटलं, जा, मी बघतोय. तिने खिडकीबाहेर जाऊन हात हलवला, मीही हलवला. शेकोटी छान पेटली होती. ओल्या मोज्यांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास येत होता. मी तिला दोरी धरून वर जाताना पाहिलं. खाली येताना पाहिल्याचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. छोट्या उतारावर कुणी नव्हतं. दोरी थांबली होती.

आधी वाटलं, स्वच्छतागृहात असेल. मग वाटलं, लेम्पीजवळ असेल. लेम्पीच्या खिडकीशी गेलो तर तिने माझं तोंड बघूनच वॉकीटॉकी उचलला. डोंगरावर ड्युटी करणारे लाल जाकिटवाले असतात, त्यांचा मुख्य ड्वेन म्हणून आहे. तो आला. शांतपणे विचारलं, जाकीट कुठल्या रंगाचं होतं. मला सांगता येईना. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माझ्या मुलीच्या जाकिटाचा रंग मला आठवेना. "पिवळं," मागून आवाज आला. आयली होती. दिव्यांच्या कार्यक्रमासाठी खाली जमायचं होतं म्हणून ती नुकतीच उतरली होती. चेहऱ्यावर अजून हसू होतं, ते तसंच चिकटून राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

लिफ्टवरच्या माणसाला आठवलं. पिवळ्या जाकिटातली एक छोटी मुलगी एका नवराबायकोच्या मागोमाग खुर्चीत बसली होती, त्याला ती त्यांचीच वाटली. म्हणजे ब्रीडी मोठ्या डोंगरावर गेली होती, बहिणीला शोधायला. आणि ती खाली आलेली नव्हती.

ड्वेन आणि त्याची दोन माणसं वर गेली. वरून प्रत्येक वाट तपासत खाली येतो, तुम्ही इथेच थांबा, असं तो बजावून गेला. दिव्यांचा कार्यक्रम रद्द केला. जमलेली माणसं बाजूला उभी राहून हलक्या आवाजात बोलत होती. वारा सुटला होता. लेम्पीने माझ्या खांद्यावर एक घोंगडी टाकली आणि मी ती काढून आयलीला द्यायला वळलो, तर आयली दूर सरकली.

मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली नाही. डोंगराकडे बघतच बोलली.

"मी एकच दिवस नव्हते, बाबा."

मी म्हटलं, माझा डोळा लागला, थकलो होतो ग.

"तू रोज थकलेला असतोस. मी आईला रोज सांगते, बाबा छान आहे. मला वाटायचं, रोज सांगितलं की तसं होईल."

  आत्ता लिहिताना वाटतं, मंगळवारी ती सौनामागे उभं राहून काय करत होती ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वरून एक दिवा हलताना दिसला, मग बर्फावरच्या गाडीचा आवाज. ड्वेनने मागच्या घसरगाडीवर ब्रीडीला पांघरुणात गुंडाळून बांधलं होतं. माथ्यावर मागच्या बाजूला एक वाट आहे, यंदा ती दोर लावून बंद केली आहे. ही दोराखालून गेली होती. पुढे बर्फ खोल, स्की रुतल्या. मग तिने स्की काढल्या, फरच्या झाडाच्या बुंध्याशी बसली आणि हलली नाही. "कुणी शिकवलं हिला एका जागी बसून राहायला?" ड्वेन म्हणाला. "चालत राहिली असती तर ओढ्यात उतरली असती." कुणी शिकवलं ते मी त्याला सांगितलं नाही. आयलीकडे बघून त्याला ते दिसतच होतं.

मी हात पुढे केले. ब्रीडी मला ओलांडून आयलीकडे गेली. तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. आयलीने तिचे हातमोजे काढले, बोटं तोंडाजवळ धरून फुंकर घातली, कान तपासले, टोपी खाली ओढली. सगळं पद्धतशीर. लेम्पीने ब्रीडीला उचलून लॉजमध्ये नेलं. मग आयली तिथेच बर्फात खाली बसली. मला वाटलं, काही पडलं असेल ते शोधतेय.

"चल, आत जाऊ," मी म्हटलं.

"मला उठता येत नाही."

"दुखतंय का कुठे?"

तिने नाही म्हणून मान हलवली. "मी दमलेय, बाबा."

हे माझं वाक्य होतं. उन्हाळ्यापासून मी ते या मुलीला रोज ऐकवत आलो, सकाळी, जेवताना, दार लोटून घेताना. तिच्या तोंडून ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मी तिला उचललं. वजनाला वाटली होती त्यापेक्षा हलकी निघाली. केबिनपर्यंत उचलून नेलं आणि ती उतरव म्हणाली नाही.

मागून लेम्पी ब्रीडीला घेऊन आली आणि तिने दोघींना सूप पाजून झोपवलं. मी चुलीशी बसलो होतो. ती समोर येऊन बसली. मला वाटलं, आता हजेरी घेणार. ती म्हणाली, "थकलेला माणूस झोपला की उठतो, वेन. तू झोपतोस आणि उठत नाहीस. हे नांगराचं थकणं नाही."

मी विचारलं, मग कसलं आहे. ती म्हणाली, मी डॉक्टर नाही, पण डॉक्टर असतात. आणि फोन माझ्या हातात दिला.

मी कॉलीनला सगळं सांगितलं. ब्रीडीचं सांगितलं. पॅनकेक मी केले नव्हते हे सांगितलं, का कोण जाणे, तेच सांगताना रडू फुटलं. ऑगस्टपासून घर कोण चालवतंय ते सांगितलं. 

"मला कळायला हवं होतं," मग ती म्हणाली. "ती सारखी छान छान म्हणायची ना, तेव्हाच. बारा वर्षांची मुलगी आपल्या बापाला एवढं छान म्हणत नाही."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

काल दुपारी कॉलीन आली. केस कापलेत तिने, मानेपर्यंत. मला माहीत नव्हतं. मुली तिला बिलगल्या आणि ती दोघींना घेऊन किती तरी वेळ पायरीवर बसून राहिली.

नंतर आम्ही दोघं लाकडांच्या ढिगाजवळ उभे राहिलो. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, मुलींना नेते, शाळेचं तिकडे बघेन, तू आधी स्वतःचं बघ. मी हो म्हटलं. कशालाच नाही म्हणण्यासारखं नव्हतं.

"आणि वेन, मी परत यायची नाहीये. घरी. तुला ते माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. पण ऐकल्यावर असं वाटलं की फार दिवसांपासून माहीत होतं, फक्त बघायला उठलो नव्हतो. मी हो म्हटलं. तिने माझ्या बाहीवरचा लाकडाचा भुसा झटकला आणि आत गेली.

आज सकाळी निघताना आयली गाडीत बसेना. ब्रीडी बसली, सामान गेलं, ही दाराशीच. आईने हाक मारली तरी नाही.

"बाबाला कोण बघणार?" तिने विचारलं. मला नाही, आईला. मी समोर असताना.

कॉलीनने माझ्याकडे पाहिलं. हे उत्तर मलाच द्यायचं होतं. मी आयलीसमोर गुडघ्यावर बसलो, बर्फात. म्हटलं, मी बघेन. मला जमलं नाही तर लेम्पीला सांगेन, ड्वेनला सांगेन, डॉक्टरला सांगेन. मोठी माणसं खूप आहेत. तुला सांगणार नाही.

"आणि मी विचारलं तर?"

"तर खरं सांगेन. पण तू करायचं काही नाही."

तिचा विश्वास बसला नाही, ते दिसत होतं. का बसावा? पण ती गाडीत बसली. आईच्या शेजारी नाही, मागे, ब्रीडीजवळ. गाडी वळणावर गेली तेव्हा दोघींपैकी कुणी मागे बघितलं का, ते काचेवर बर्फ होतं म्हणून कळलं नाही.

लेम्पी म्हणाली, आज इथेच राहा, उद्या माझा मुलगा तुला गाडीसकट घरी सोडेल. मी नको म्हणणार होतो. राहिलो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो. तरुण बाई आहे, टेबलावर तिच्या कुत्र्याचा फोटो. झोप, भूक, कामात लक्ष, एकेक विचारत गेली. मी आधी नांगराचं सांगितलं, सरोवराच्या बर्फाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, उन्हाळ्यात कसं होतं? उन्हाळ्यात बर्फ नव्हतं. उन्हाळ्यातही असंच होतं.

गोळ्या दिल्यात. परिणाम दिसायला वेळ लागेल म्हणाली. दर आठवड्याला एका माणसाशी जाऊन बोलायचं आहे. काय बोलायचं, माहीत नाही. ट्रकवर सध्या फक्त दिवसाची पाळी.

रविवार, २ मार्च

घर फार मोठं आहे. भांडी घासली. सगळी नाही.

गुरुवार, ६ मार्च

त्या माणसाकडे गेलो. पाऊण वेळ मी गप्प होतो. त्याने घाई केली नाही. शेवटी मी त्याला जाकिटाच्या रंगाचं सांगितलं. बाहेर आल्यावर गाडीत बसून रडलो, मग रस्त्याच्या कडेच्या दुकानातून पेस्टी घेतली आणि ती पूर्ण खाल्ली. अजून थकवा आहेच. पण आज तो अंगावर लादलेल्या ओझ्यासारखा वाटला, अंगासारखा नाही.

रविवार, ९ मार्च

दर रविवारी मुलींशी बोलायचं ठरलंय. ब्रीडीने फोनवर नवीन बाईंचं नाव, वर्गातल्या सशाचं नाव, आणि तिच्या बाकावरच्या मुलाला उलटी झाली ते, सगळं सांगितलं. मग आयलीला हाक मारली. ती बराच वेळ येईना. मागून दार आपटल्याचा, मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता.

मी काय बोलायचं ते मनाशी जुळवून ठेवलं होतं. डॉक्टरचं सांगणार होतो, गोळ्यांचं, रोज सहाला उठतो ते. विचारलंस तर खरं सांगेन, असा शब्द दिला होता.

"बाबा, नंतर बोलू? मैत्रिणी खाली थांबल्यात, आम्ही मागच्या टेकडीवर घसरायला चाललोय. बर्फ वितळायच्या आत जायचंय."

"जा, जा," मी म्हटलं.

"बाय," म्हणाली, आणि फोन ठेवलासुद्धा.

कसा आहेस, तिने विचारलं नाही. मी हातात फोन घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो, आणि माझ्या लक्षात आलं की मी हसतोय.